'च' सोडायचा, काम नाही : मनोधारणा आणि अनासक्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींबरोबर बसतो. राज्यघटना, अर्थशास्त्र वगैरे शंका अर्ध्या तासात संपतात. पुढचे दोन तास मनाचे असतात. पूर्वपरीक्षा पहिल्यांदा देणारा असो की तिसऱ्यांदा मुख्य परीक्षेवरून परत आलेली मुलगी असो, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. आता पालकही फोनवर तेच विचारू लागलेत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. ही परीक्षा मी स्वतः पाच वेळा दिली, यादीत नाव कधी आलं नाही. इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिरात दोनदा दहा दिवस बसलो आहे. खाली जे आहे ते वाचलेलं आणि सोसलेलं, दोन्ही मिळून आहे.

मनोधारणेने वास्तव बदलतं म्हणतात. म्हणजे आपण विचार करू तसं घडतं का?

नाही. कट-ऑफ, म्हणजे निवडीसाठी लागणारे किमान गुण, तुमच्या विचाराने एका गुणानेही खाली येत नाही. पाऊस, जागांची संख्या, बसचं वेळापत्रक, यातलं काहीही आपल्या मनाला विचारून ठरत नाही.

पण घडलेली गोष्ट आणि ती आपल्याला जशी भोगावी लागते ती गोष्ट, या दोन वेगळ्या आहेत. आपण राहतो ते दुसरीत. हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्यांनी २१५ गंभीर जखमींना थेट विचारलं, की दुखण्यावर काही औषध हवं आहे का. हो म्हणणारे साधारण पाव हिस्सा निघाले. ही माहिती त्यांनी १९४६ मध्ये छापली. पुढे शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांशी तुलना केली तेव्हा दिसलं, की नागरिकांच्या जखमा लहान होत्या आणि औषध मागणारे मात्र कितीतरी जास्त. बीचर यांचा अर्थ असा : सैनिकाला ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचा परवाना होता. नागरिकाला शस्त्रक्रियेची जखम म्हणजे घरावर आलेलं संकट.

जखम मोठी, मागणी कमी. जखमेला दिलेला अर्थ वेगळा होता, आणि दुखणं त्या अर्थाच्या मागे गेलं. या पानावर 'मनोधारणा' हा शब्द मी एवढ्याच मापाने वापरतो.

हे फक्त वाटण्यापुरतं झालं. शरीरावर खरंच काही होतं का?

होतं, काही बाबतींत मोजता येण्याइतकं. २०११ मध्ये अमेरिकेत ४६ जणांना ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक दोन वेगवेगळ्या दिवशी दिला. एकदा बाटलीवर ६२० कॅलरी, मस्त मलईदार, असं लिहिलं होतं. एकदा १४० कॅलरी, आरोग्याला चांगला, असं. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक. मलईदार समजून प्यायले तेव्हा ते बरंच जास्त उतरलं, आणि 'हलकं' समजून प्यायले तेव्हा जवळपास होतं तिथेच राहिलं. एकादशीला 'आज उपास आहे' हे आठवल्याबरोबर सकाळी नऊलाच पोटात कालवायला लागतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याचंच हे प्रयोगशाळेतलं रूप.

मग रोज यश डोळ्यांसमोर आणायला काय हरकत आहे? माझ्या रूमवर तर लाल दिव्याच्या गाडीचं चित्र लावलं आहे.

चित्र राहू द्या. पण त्याच्यासमोर बसून राहू नका, हे मी फार कळकळीने सांगतो, कारण माझी दोन वर्षं याच्यात गेली आहेत.

गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. जर्मनीत पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला. नोकरी मिळाल्याची गोड चित्रं जे जास्त वेळा रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकरीचे देकार कमी आले आणि पगारही कमी मिळाला. 'मला हे जमण्यासारखं आहे' असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं मात्र चांगलं झालं.

या दोन गोष्टी मुलं एकच समजतात आणि तिथेच घसरतात. 'जमेल' म्हणणारा पुस्तक उघडतो. 'जमलंच आहे' असं पाहणाऱ्याला आतून गादीवर टेकल्यासारखं वाटतं, अंगातला जोर उतरतो. दिवसभर सत्काराचा हार गळ्यात घालून बसलेल्या मनाला संध्याकाळी चालू घडामोडींची वही उचलावीशी वाटत नाही.

अनासक्ती म्हणजे कशाचंच काही वाटून न घेणं ना?

हा सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज आहे.

गीतेतला तो श्लोक सगळ्यांना अर्धा पाठ असतो. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' इथे गाडी थांबते. श्लोकाला चार चरण आहेत. चौथा आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे कर्म न करण्याचीही ओढ तुला लागू नये. फळावरची पकड सोड म्हणताना त्याच दमात सांगून टाकलं आहे, की हातातलं काम टाकून बसायला हे कारण देऊ नकोस. ज्याला सांगितलं तो अर्जुन तर धनुष्य टाकून बसलाच होता.

आणि आपल्याकडे हे कोणी शिकवलं ते बघा. गांधीजींनी गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाला 'अनासक्तियोग' असं नाव दिलं. ते पुस्तक निघालं १२ मार्च १९३० ला, म्हणजे ज्या दिवशी त्यांनी दांडीकडे पहिलं पाऊल टाकलं त्याच दिवशी. विनोबांनी १९३२ मध्ये गीतेवर प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, कैद्यांसमोर, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. सरकारशी झगडून आत आलेली ही माणसं. बेफिकीर माणसाचा त्या कोठडीत पायही पडला नसता.

मला आसक्ती आहे की नुसती तीव्र इच्छा, हे ओळखू कसं?

आपल्या भाषेने ही सोय करून ठेवली आहे. 'च' शोधा.

'पोस्ट निघावी', म्हणजे निवड होऊन पद मिळावं, ही इच्छा. 'पोस्ट निघालीच पाहिजे' ही आसक्ती. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा हाच आहे. माणूस इच्छेने आजारी पडत नाही, इच्छेचा हट्ट झाला की पडतो. त्यांना हे समजावायला पानं लागली. मराठीत एक अक्षर पुरतं.

गेल्या वर्षी एक मुलगी वही घेऊन आली. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं : 'या वर्षी पोस्ट निघालीच पाहिजे. नाही निघाली तर मी संपले.' मी तिला म्हटलं, एवढं वाक्य घेऊन तू रोज सकाळी सहाला वाचायला बसतेस, छातीवर दगड ठेवून पोहल्यासारखं आहे हे. तिने पेन घेतलं. 'च' वर रेघ मारली, मग पुन्हा मारली, शाई मागच्या पानावर उतरली. खाली लिहिलं : 'या वर्षी पोस्ट निघावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. नाही निघाली तर मला खूप वाईट वाटेल.' थोडा वेळ थांबून तिसरं वाक्य आलं : 'आणि तरी मी असेन.'

इच्छा रतिमात्र कमी झाली नाही, पाहिलंत का? वाईट वाटणारच हेही तिने कबूल केलं. सुटली ती फक्त स्वतःला लावलेली फाशी.

आसक्ती किती चोरपावलांनी येते, याचा एक छान दाखला आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग छापला. वर्गातल्या काही मुलांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? दुसऱ्या काहींना विचारलं, कितीला घ्याल? विकणारे सात डॉलरच्या आसपास मागत होते, घेणारे तीनच्या आसपास देत होते. कॉफीचे मग सारे सारखेच. पण हातात येऊन थोडा वेळ झाला की वस्तू 'माझी' होते आणि तिची किंमत दुप्पट दिसू लागते. आता विचार करा, जी पोस्ट अजून हातातही आलेली नाही, पण गावात, नात्यात, लग्नाच्या बोलण्यात 'आमचा साहेब होणार' म्हणून चार वर्षं जी 'माझी' म्हणून मिरवली, ती गेली तर केवढ्याची गेली असं वाटेल!

फळाची आशा सोडली तर अभ्यासाला जोर कुठून येणार?

उलट, जोर गळतो कुठून ते बघू.

पूर्वपरीक्षेचा हॉल. प्रश्न सदतिसावा. दोन पर्याय उडाले, दोन उरले. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. या क्षणी डोक्यात फक्त ते दोन पर्याय असायला हवेत. पण मन निघतं : हा चुकला तर किती होतील, गेल्या वर्षी कट-ऑफ किती होता, काका काय म्हणतील, अजून एक वर्षाचं भाडं कुठून आणायचं. चाळीस सेकंदांनी परत येतं तेव्हा प्रश्न पुन्हा वाचावा लागतो. असं वीस वेळा झालं की शेवटचे दहा प्रश्न वाचायचेच राहतात, आणि बाहेर आल्यावर आपण म्हणतो वेळ पुरला नाही.

त्या चाळीस सेकंदांत फळाने काम खाल्लं. ज्याची पकड सैल आहे त्याचं मनही जातं, पण परत लवकर येतं. दिशा म्हणून फळ हवंच, नाहीतर कुठला अभ्यास करायचा हेच कळणार नाही. ते ठरवताना बघायचं. वल्हं मारताना हाताकडे लक्ष.

वाईट वाटू द्यायचंच नाही, असा प्रयत्न करतो. जमत नाही. काय चुकतं?

प्रयत्नच चुकतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. दाबलेली गोष्ट मनात पहारा देत बसते.

बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण लागतो तो लागतोच, दुखतोच. मग माणूस 'मलाच का, आता माझं कसं होणार' म्हणत दुसरा बाण स्वतःच मारून घेतो. अनासक्ती दुसऱ्या बाणापुरती आहे. पहिल्यावर रडू आलं तर रडा.

हे मला पुस्तकाने पटलं नाही, गुडघ्याने पटवलं. इगतपुरीच्या केंद्रात तासभर न हलता बसायचं असतं, त्याला अधिष्ठान म्हणतात. पाचव्या दिवशी, साधारण चाळीस मिनिटांनंतर, उजव्या गुडघ्यात कोणी तापलेली सळई धरली आहे असं झालं. मी आत ओरडत होतो, घंटा का होत नाही. मग सांगितलं होतं तसं केलं : 'गुडघा दुखतोय' हे वाक्य बाजूला ठेवून तिथे खरोखर काय आहे ते बघायला लागलो. तिथे ऊब होती. ठोके होते. कडेला मुंग्यांसारखं काही होतं, ते सरकत होतं. सलग असं दुखणं कुठेच सापडेना, सगळं येत होतं आणि जात होतं. दुखणं संपलं नाही, पण माझं त्याच्याशी भांडण संपलं. आणि गंमत पुढे आहे. घंटा झाली, आणि पाय हलवायच्याही आधी, नुसत्या त्या आवाजाने, निम्मी कळ गेली. पाय तसाच दुमडलेला होता. मग गेलं ते काय होतं? त्या एका प्रश्नासाठी मी दुसऱ्यांदा गेलो.

विपश्यनेला जाऊ का?

मोकळे दहा दिवस असतील आणि मनाची तयारी असेल तर जा. सत्यनारायण गोएंका गुरुजींनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकून १९६९ मध्ये भारतात आणली. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे. पहाटे चारची घंटा, दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन (बोलणं आणि खाणाखुणाही बंद), फोन जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना तटस्थपणे बघणं. फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान.

परीक्षा तोंडावर असताना 'एकाग्रता वाढवायला' म्हणून जाऊ नका. आणि मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहा, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. लपवून जाण्यात धोका आहे.

परिस्थितीच वाईट असेल तर मनोधारणा बदलून काय होणार?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा बरोबर असतो.

'बुद्धी वाढते' हे शिकवण्याचा अमेरिकेतला मोठा प्रयोग घ्या. नववीची साधारण बारा हजार मुलं, निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी ४ पैकी ०.१ ने सुधारली. तासाभराच्या धड्याला हे चांगलंच आहे, पण ते एवढंच आहे. खोलीत आठ जण, दोन वेळच्या डब्याचे पैसे थकलेले, अशा मुलाला 'तुझा दृष्टिकोन बदल' म्हणणं हा मला अपमान वाटतो. त्याला आधी डबा द्या.

२० मार्च १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ते पाणी समाधानी वृत्तीने मिळालं नव्हतं. चालत जाऊन मिळालं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं न्यायालयात झगडावं लागलं. जे बदलता येतं ते सोसायला शिकवणारी अनासक्ती ही कुणाच्या तरी सोयीची असते. बदलायला निघालेल्या माणसाला मात्र ती हवी, कारण निकाल लगेच येत नाहीत आणि तोवर टिकायचं असतं.

आम्ही पालक आहोत. मुलावरची आसक्ती सोडायची म्हणजे माया कमी करायची का?

तुकोबांची गोष्ट आठवा. १६३०-३२ च्या दुष्काळात घरची माणसं गेली, दुकान बुडालं. लोकांकडची येणी मात्र कागदावर होती. संतचरित्रकार महिपतींनी सांगितलं आहे, की तुकोबांनी त्या कर्जखतांची अर्धी वाटणी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. मला नेहमी ती पहिली अर्धी जास्त मोलाची वाटते. आपलं सोडलं, भावाचं त्याला विचारल्याशिवाय बुडवलं नाही. अनासक्त माणूस दुसऱ्याच्या वाट्यावर हक्क सांगत नाही, त्यागाच्या नावानेसुद्धा नाही.

मुलाचं यश हा त्याच्या वाट्याचा कागद आहे.

बीडकडचे एक वडील रोज रात्री साडेनऊला फोन करायचे. पहिला प्रश्न, 'किती झालं?' मुलगा फोन वाजला की जिन्यात जायचा आणि खोटं सांगायचा. एकदा ते स्वतः आले, जिन्यात माझ्याशी बोलले. म्हणाले, दुसरं काय विचारू, मला त्यातलं काय कळतं? मी म्हटलं, जेवलास का विचारा. पुढच्या आठवड्यापासून तसं झालं. दिवाळीच्या सुमारास मुलाने आपणहून सांगितलं, बाबा, माझा एक पेपर कच्चा आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात खरा आकडा बोलला गेला.

हे सगळं करूनही सकाळी उठवत नाही, जगणंच नको वाटतं. काय करू?

मग हे पान बाजूला ठेवा. हा मनोधारणेचा विषय नाही, आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आजच फोन करा. बाजूच्या टेबलावरच्या मित्राला सांगा, तो लावून देईल.

निकालाच्या दिवशी नेमकं काय करायचं?

यादी पीडीएफमध्ये येते. अभ्यासिकेच्या वायफायवर सगळे एकदम तुटून पडतात, पान उघडत नाही, अंगठा स्क्रीनवर खाली-वर होत राहतो, समोरच्या चहावर साय धरते. त्या गर्दीत थांबू नका. बाहेर पडा, एकटे किंवा एकाच माणसाबरोबर. उघडण्याआधी पाय जमिनीला टेकले आहेत का बघा, तीन श्वास लक्ष देऊन घ्या. मग क्रमांक शोधा. एकदाच. नसेल तर पुन्हा पुन्हा खाली-वर करू नका, तो दुसरा बाण आहे.

घरी काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्य आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, नाव असलं तर आणि नसलं तर, दोन्हींचं. ऐन वेळी तोंडातून 'मी संपलो' असलं काही निघू नये म्हणून.

शेवटच्या वेळी माझ्या खिशात ते दोन्ही कागद होते. एक काढून वाचला. 'आई, यादी लागली. नाव नाही. वाईट वाटतंय, पण मी ठीक आहे.' पलीकडे मागे कुकरची शिट्टी झाली. आई जरा थांबली, मग म्हणाली, "बरं. आज मेसला भाजी कसली आहे रे?"